अंगणभर गट्टू बसवू नका, सांदवाडीला माती ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं शेतीचं पान मी नेहमी वाचते, ड्रॅगन फ्रूट, शेडनेट, ठिबक, लाखाचं उत्पन्न काढणारे शेतकरी, हे सगळं छापून येते आणि यायलाच पाहिजे, पण घराच्या मागे जी सांदवाडी राहते, दोन वाफे न चार वेल, तिच्याबद्दल कधी एक ओळ दिसत नाही. ती पण शेतीच आहे न साहेब, आणि ती बहुतेक बायाच करतात. आता आमच्याकडे ती झपाट्याने संपून राहिली म्हणून मुद्दाम हे पत्र लिहून राहिली.

झालं असं की गावोगाव घरं पक्की होत आहेत. चांगलीच गोष्ट आहे, कुडामातीच्या घरात पावसाळा काढणं काय राहते ते आम्हाला माहीत आहे, घरकुल आलं म्हणजे डोक्यावर छत आलं. 2016 पासूनच्या घरकुल योजनेत घर कमीत कमी 269 चौरस फुटाचं धरलं आहे, म्हणजे जुन्या जागेवर घर बांधून पण बऱ्याच जणांच्या मागे थोडी जागा उरते. पण घर झालं की लगेच दुसरं काम निघते, अंगण पक्कं करा. समोर गट्टू म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, मागे कोबा, बाजूच्या बोळीत उरलेलं सिमेंट. गल्लीत पंचायतीचे गट्टू पार भिंतीला टेकून बसवतात, दोडक्याचं एक बी टोचायला पण माती राहत नाही. लोकांना चिखल नको आहे हे मी समजू शकते, काळ्या मातीचा चिखल म्हणजे चप्पल आत राहते न पाय बाहेर येते, पण चालायपुरती वाट पक्की करा न, सगळी जमीन कायले झाकता.

आणि हे अशा वेळी होऊन राहिलं जेव्हा वावरातून घरी येणारी भाजी बंद झाली आहे. हे शहरातल्या वाचकांना बहुतेक माहीत नसेल म्हणून जरा लांबवून सांगते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात न आजूबाजूला पहिले पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वावरात नुसती पऱ्हाटी नसायची, मधात तुरीच्या ओळी, ज्वारी, कडेकडेने अंबाडी, बरबटी (चवळी), भेंडी, काकडी, वाळकं, कुठं कोहळ्याचा वेल पसरलेला. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी घरी येताना ओटीत भाजी घेऊनच यायची, तरोटा असो की अंबाडी की चार बरबटीच्या शेंगा, विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग सोयाबीन आलं, ज्वारी गेली. 2002 नंतर बीटी कापूस आला. मजूर मिळेना म्हणून तणनाशक आलं. आता तणनाशक मारलेल्या वावरात बरबटी न अंबाडी कशी राहणार, त्याला काय माहीत हे तण आहे की भाजी, सगळंच जळते. त्यात रोही (नीलगाय) न रानडुक्कर, कडेला काही लावलं तरी सकाळी नावाला उरत नाही. आज असं आहे की पाच एकरवाला शेतकरी आठवडी बजारातून सांभार म्हणजे कोथिंबीर विकत आणते, आणि तो सांभार कुठून येते तर शहराच्या मंडीतून टेम्पोत. याचं वाईट वाटते मला, खरंच वाटते.

माझं स्वतःचं सांगायचं तर कामं बदलली तशी घराची घडी पण बदलली. आमचे हे पुण्याकडे कंपनीत कामाला आहेत, पेरणी न दिवाळीला येतात, वावर ठोक्यानं दिलं आहे. मी पहिले निंदण-वेचणीला जायची, कमरेनं साथ सोडली तेव्हापासून घरीच शिलाईचं काम करते, ब्लाऊज, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत रात्रीच्या बारापर्यंत मशीन चालते. सासूबाई सोबत आहेत, दोन पोट्टे शाळेत. दिवसभर मशीनवर बसलं की पाय आखडतात, मग उठून मागे जायचं, पाणी टाकायचं, वेल मांडवावर चढवायचा, परत येऊन बसायचं. वावरातलं काम सुटलं तरी हात मातीत आहेत याचा मला फार आधार वाटते. सासूबाई तर पहाटेच मागे जाऊन बसतात, कोणत्या फुलाला शेंग धरली हे त्यांना माझ्याआधी माहीत राहते.

जागा म्हणाल तर एका खोलीएवढी पण नाही. पण काय काय राहते सांगू, मोरीच्या तोंडाशी केळीचं झाड न अळू, थोडं पुढे पपई, कोपऱ्यात मुंगण्याचं (शेवग्याचं) झाड न गोडलिंब (कढीपत्ता), पावसाळ्यात मांडवावर दोडकं, कारलं, वालाच्या शेंगा, खाली सावलीत हळद, हिवाळ्यात वाफ्यात मेथी, पालक, सांभार, भेदरं (टमाटे), वांगी. मांडवाला खर्च नाही, चार बांबू रोवायचे न वर पऱ्हाट्या टाकायच्या. एक काळजी मात्र घ्या, पऱ्हाटीला राहिलेली वाळकी बोंडं सगळी तोडून जाळून टाका मगच ती घरी आणा, कारण गुलाबी बोंडअळी त्या बोंडातच लपून राहते न पुढच्या हंगामात वावरात जाते. एका हंगामात पऱ्हाटी ठिसूळ होते, मग ती चुलीत.

उन्हाळ्याचं लोक विचारतात, की इथं पारा 45 च्या वर जाते, तेव्हा काय जगणार. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, जगवते. सवंगणी-मळणी झाली की कुटाराचे ढीग पडून राहतात, त्यातलं दोन पोते आणून ठेवायचं न फेब्रुवारी संपला की झाडांच्या बुडाशी विताएवढा जाड थर टाकायचा. मे महिन्यात भर दुपारी ते कुटार हातानं बाजूला सारून पहा, वरचं तापून करपलेलं राहते, त्याच्या खालचं थोडं काळं पडलेलं, आणि तळाची माती बोटाला ओली लागते, भेगा नाहीत. शेजारीच उघडी काळी माती पाहिली तर तिला बोट जाईल अशा भेगा पडलेल्या राहतात. पालेभाजी उन्हाळ्यात होत नाही, तो हट्ट करू नये, पण अळू, मुंगणा, पपई, गोडलिंब हे तगतात आणि तेवढ्यानं पण घरामागे सावली राहते. ज्यांनी मागे पण कोबा केला त्यांची मागची खोली रात्री अकरा वाजता पण तापलेली राहते, कूलर लावला तरी गरम हवाच आत येते, कारण ते सिमेंट दिवसभराचं ऊन रात्री सोडते.

आता पाण्याचं. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांचं घर असलं तर 275 लिटर होते. सगळीकडे एवढं रोज येते असं मी म्हणत नाही, उन्हाळ्यात नळाची काय हालत राहते ते सर्वांना माहीत आहे, पण जेवढं येते त्यातलं पिण्या-स्वयंपाकाला किती लागते, बाकी आंघोळ, भांडी, कपडे. ते पाणी सगळं नालीत जाते, नाली तुंबते, डास होतात, मग फवारणीवाल्याला बोलवा. तेच पाणी मोरीतून आधी रेती-गिट्टीच्या छोट्या खड्ड्यात सोडलं न तिथून केळी-अळूला दिलं तर नवीन पाण्याचा थेंब लागत नाही. कपड्याच्या साबणाचं पाणी मात्र पालेभाजीवर टाकू नका, ते केळी न पपईला चालते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला द्या.

काही बाया म्हणतात, "कायले वं माती चिवडत बसतं, बजारात वीस रुपयात जुडी भेटते न." बरोबर आहे, पण ती वीस रुपयाची जुडी आठवड्यातून एकदाच येते, दोन दिवसात सुकते, मग उरलेला आठवडा आलू न डाळ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणसानं दिवसाला कमीत कमी 400 ग्रॅम फळं-भाज्या खाव्या. आमच्या घरांमध्ये बाई सर्वात शेवटी जेवते, तिच्या ताटात तोपर्यंत भाजी किती उरते हे प्रत्येकीनं आपापल्या मनात पहावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी निघालं. नुसत्या भाजीनं रक्त वाढते असं नाही, गोळ्या पण घ्याव्या लागतात, डाक्टर सांगेल तसं. पण दारात मुंगण्याचा पाला असताना तो खायचा नाही आणि रक्त नाही म्हणून चक्कर येऊन पडायचं, हे मला पाहवत नाही.

दुसरं, विषाचं. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली. त्या वर्षी ज्या घरात हे झालं त्या घरांकडे पाहून फवारा पाठीला लावायचीच भीती वाटायची. सांदवाडीत मी औषध येऊ देत नाही. मावा आला तर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरायची, आणि निंबोळ्या जूनमध्ये गोळा करून वाळवून ठेवायच्या, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीचा कुटलेला चुरा रात्रभर फडक्यात बांधून भिजवायचा, सकाळी पिळून गाळून तेच शिंपडायचं. पोट्टे येता-जाता काकडी तोडून तशीच खातात, त्याचं मला टेन्शन नाही.

वानरांचा त्रास खरा आहे, त्यावर पक्का उपाय कोणाकडेच नाही. पण कारलं, मिरची, हळद, अळू याला ते सहसा हात लावत नाहीत, ते बाहेरच्या बाजूनं लावावं, आणि दोडकं न शेंगा घराच्या भिंतीला लागून.

साहेब, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. गल्लीत गट्टू बसवताना घरांच्या भिंतीलगत हातभर माती सोडावी, हे आम्ही काही बाया 1 मेच्या ग्रामसभेत मांडणार आहोत, आणि दुसऱ्या गावच्या बायांनी पण आपापल्या ग्रामसभेत मांडावं. घरकुलाचा हप्ता द्यायच्या आधी इंजिनियर साहेब जागेवर येऊन फोटो काढतात, तेव्हाच त्यांनी मोरीचं पाणी कुठं जाणार न झाडाला जागा कुठं राहणार हे घरच्या बाईला एकदा विचारावं. कृषी विभाग सोयाबीन-तुरीचं बियाणं वाटते, त्यासोबत मृगाच्या आधी बचत गटांना देशी भाजीचं बी दिलं तर फार बरं होईल, कारण पाकिटातलं हायब्रीड बी पुढच्या वर्षी तसं येत नाही, बरबटी न वालाचं देशी बी मात्र आम्ही एकमेकींना वाटू शकतो. आणि तुमच्या शेतीच्या पानावर महिन्यातून एकदा तरी या महिन्यात सांदवाडीत काय लावायचं याचा एक चौकोन द्या, लिहिणाऱ्या बाया गावोगाव भेटतील, बोलून सांगणाऱ्या तर त्याहून जास्त.

पत्र लांबलं, त्यातलं जेवढं बसेल तेवढं छापा, पण मे संपायच्या आत छापा, कारण एकदा मृग लागला की सगळे पेरणीच्या मागे लागतात आणि दोडक्या-कारल्याचं बी टोचायची वेळ पण तीच राहते.

आपली एक नियमित वाचक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ