कानटोपीबद्दल खुलासा

तोर्शहाउन, फेरो बेटं
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवतेस, चार ओळी लिहायला काय होतं?’ असं तुम्ही म्हणालात, म्हणून हे पत्र. हातात पडेल तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल. मी मजेत आहे. दोन्ही वेळा जेवते. खोली आणि ऑफिसचं सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. आई, माशांच्या कंपनीत नोकरी म्हणजे मासे खाणं नव्हे, एवढं आजीला एकदाच नीट सांग. पाण्यातल्या कॅमेऱ्याने काढलेले सॅल्मनचे फोटो बघून अंगावर किती उवा आहेत ते मोजायचं, असा माझा प्रोग्रॅम आहे. हो, माशांनाही उवा होतात. तू माझ्या डोक्यातल्या काढायचीस तेव्हा धपाटा मिळायचा, इथे पगार मिळतो.

आता रविवारचं. तुमचे तीन मिस्ड कॉल मी रात्री पाहिले. मी मॅचला गेले होते. ‘मॅच बघायला वेळ आहे, फोनला नाही’ हे आईचं वाक्य मला इथेही ऐकू आलं, म्हणून सविस्तर सांगते.

या देशाची लोकसंख्या पंचावन्न हजाराच्या आसपास. आपल्या एकट्या कोथरूडमध्ये याहून जास्त माणसं राहतात. तेवढ्यातून यांनी फुटबॉलची टीम उभी केली आहे आणि रविवारी त्या टीमने चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं. तेही वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत! त्याआधी गुरुवारी माँटेनेग्रोला चार गोल मारले होते. चेकने बरोबरी केली तेव्हा शेजारच्या आजोबांनी थर्मासमधली कॉफी माझ्यापुढे केली, जणू कुणी गेलंय. थोड्याच वेळात दुसरा गोल झाला आणि तीच कॉफी माझ्या जॅकेटवर सांडली. स्टेडियम केवढं, तर पाच-सहा हजारांचं. त्यात ऑफिसातले निम्मे लोक भेटले.

पण मला सांगायची आहे ती गंमत वेगळीच. इथे देशाकडून खेळणं ही पूर्वापार नोकरी सांभाळून करायची गोष्ट आहे. आता काही जण बाहेरच्या देशांत पैसे घेऊन खेळतात, तरी टीममध्ये नोकरी-धंदा करणारे अजून आहेत. मला सुरुवातीला हे झेपेना. आपल्याकडे भारताकडून खेळणारा माणूस दिसला तर सोसायटीच्या गेटवर गर्दी होईल. इथे तो दुकानात रांगेत उभा असतो आणि कुणी मान वळवून बघत नाही. सेल्फी नाही, काही नाही. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, ‘तो माझ्या बहिणीच्या वर्गात होता.’ हे उत्तर मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलं. बाबा, तुम्ही देवधरांचं सांगता ना, की एसपी कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राला रणजी जिंकून द्यायचे? तसं समजा. फक्त इथे ती जुनी आठवण नाही, चालू आहे.

सगळ्यात मोठी कथा १९९० ची. स्पर्धेतला यांचा पहिलाच सामना, समोर ऑस्ट्रिया, जे त्याच उन्हाळ्यात इटलीत वर्ल्ड कप खेळून आले होते. फेरोत तेव्हा नियमात बसणारं गवताचं मैदानच नव्हतं, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमध्ये लांडस्क्रोना गावात खेळले. १२ सप्टेंबरला. आणि १-० ने जिंकले! गोल केला तो टॉर्किल निल्सन लाकूड विकायचा. म्हणजे आपल्या टिंबर मार्केटमधल्या वखारीतला माणूस संध्याकाळी उठून ऑस्ट्रियाला गोल मारून आला म्हणा. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं.

गोलकीपर होता येन्स मार्टिन क्नुडसेन. माशांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याच्या डोक्यावर पांढरी लोकरीची गोंड्याची टोपी. लहान वयात डोक्याला मार बसला होता, तेव्हापासून डोकं झाकून खेळायची सवय. ती टोपी घालून तो युरोपातल्या टीमपुढे उभा राहिला आणि एकही गोल होऊ दिला नाही. माझ्या घरमालकीणबाई हे सांगताना स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवतात, इतक्यांदा की आता मी त्यांच्याआधी हात लावते.

तर आई, कानटोपी. तू दर फोनला विचारतेस, मी दर फोनला ‘हो गं’ म्हणते. खरं सांगायचं तर तू विणलेली निळी टोपी आता नाही. ऑगस्टमध्ये आम्ही आयदी गावी गेलो होतो. तिथे समुद्राला अगदी चिकटून फुटबॉलचं जुनं मैदान आहे, आता त्यावर लोक तंबू ठोकून राहतात. चेंडू पाण्यात जायचे ते आणायला तेव्हा माणूस ठेवत, असं सांगतात. मी बांधावर उभी राहून हे ऐकत होते आणि वारा आला. टोपी गेली ती गेलीच. तिला आणायला कुणी नव्हतं. मी हसले तिथे, सगळे हसत होते म्हणून.

थंडीची काळजी करू नका. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम पाच तासांचा असेल, पण सगळेच त्यात राहतात, मला काही वेगळा अंधार मिळणार नाही. आणि एकटी नाही मी. रविवारी पाच हजार लोकांत होते.

बाबांच्या मोतीबिंदूचं मला काल मावशीकडून कळलं. ‘शुक्रवारी झालं, मुद्दाम सांगितलं नाही, तिकीट काढून बसली असती.’ बसले असते का, कुणास ठाऊक. ते तीन कॉल त्यासाठीच होते ना? मी तेव्हा ओरडत होते, फोन खिशात थरथरत होता आणि मला वाटलं गर्दीच हलतेय. बाबा, थेंब वेळेवर घाला. पत्र आईकडून वाचून घ्या, अक्षर बारीक झालंय.

पुनर्विकासाचं: संमतीपत्रावर खुशाल सही करा, माझ्यासाठी थांबू नका. जादा जागेसाठी जे भरावं लागेल त्यातले चार लाख मी जानेवारीत पाठवते. दिवाळीचं तिकीट न काढल्यामुळे ते जमतंय, तेव्हा ‘पैसे नकोत, तू ये’ असं म्हणू नका, दोन्ही एकदम होत नाही. मेमध्ये नक्की येते. म्हणजे बहुतेक.

काकूंनी आणलेल्या हिंजवडीच्या मुलाशी मी दोनदा बोलले. चांगला आहे. ‘तिकडे अजून किती वर्षं?’ एवढंच त्याने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यांना मेपर्यंत थांबवून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण लगेच नाहीही सांगू नका. तुला राग येणार, माहीत आहे.

चकल्या पाठवू नकोस, कस्टमवाले उघडून बघतात. भाजणी चालेल.

आजीला नमस्कार. दादा-वहिनीला भाऊबीजेची ओवाळणी उधार.

तुमची,
मनू

ता. क. नवी टोपी विणणार असशील तर रंग कुठलाही चालेल. निघायच्या आदल्या रात्री त्या निळीची नाडी मी कात्रीने कापली होती, शाळकरी दिसते म्हणून. या वेळी नाडी लाव. जाड लाव.