शिल्टाखच्या त्या आजी-आजोबांचे आभार

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं शिल्टाख फोटोत दिसतं तितकंच देखणं आहे. त्रिकोणी बाजारचौक, भोवती लाकडी चौकटींची जुनी घरं. चौकाला केवढा उतार आहे, ते मात्र फोटोत कळत नाही. पावसाने ओल्या झालेल्या दगडांवर आईचा पाय मुरगळला आणि ती खालीच बसली. त्यात रविवार, औषधाचं दुकान बंद.

समोरच्या घरातून एक आजी खुर्ची घेऊन आल्या. बूट ओढायला गेलेला माझा हात त्यांनी बाजूला केला. नाडी एकेका भोकातून पूर्ण काढली, मगच पाय अलगद सोडवला आणि बर्फ लावला. आईला जर्मन येत नाही, त्यांना मराठी. दोघी बोलत मात्र होत्या!

आजोबा मला बंद दुकानापाशी घेऊन गेले. तिथे दारावर त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. गाडी काढून तिथून क्रेप बँडेज आणलं. गरज पडली तर म्हणून सुटीच्या वेळी डॉक्टर मिळण्याचा ११६११७ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. परतताना हाउसाख स्टेशनवर ट्रेन बदलायची म्हटल्यावर त्यांनी मानच हलवली आणि आम्हाला थेट ट्रीबर्गच्या हॉटेलवर सोडलं. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत.

आजी-आजोबा, नावं विचारायची राहिली. आई आता व्यवस्थित चालते. मनापासून आभार.