मिडीव्हल थ्रीमध्ये मराठे शोधणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय पोरकट वाटेल, पण पत्र छापाच. क्रिकेटच्या टीममध्ये कोण येणार कोण जाणार यावर तुमच्याकडे पानभर अंदाज चालतात, मग गेमवर अर्धा कॉलम चालायला काय हरकत आहे.

झालं असं की डिसेंबर 2025 मध्ये क्रिएटिव्ह असेम्ब्लीने, म्हणजे टोटल वॉर नावाच्या, कॉम्प्युटरवर राज्य चालवायच्या आणि लढाया खेळायच्या गेम बनवणारी इंग्लंडमधल्या हॉर्शमची कंपनी, मालक जपानची सेगा, टोटल वॉरला 25 वर्षं झाली म्हणून एक कार्यक्रम केला आणि त्यात सांगून टाकलं की आम्ही मिडीव्हल थ्री, म्हणजे मध्ययुगावरच्या त्यांच्या गेमचा तिसरा भाग, करतोय. मिडीव्हल टू आली होती 2006 ला. एकोणीस वर्षं लोक वाट बघत होते, त्यामुळे नुसत्या घोषणेवर पण दिवाळी झाली. पुढच्याच आठवड्यात अजून एक गेम जाहीर झाला, वॉरहॅमर फोर्टी थाउजंडवाला, पण त्यात आपल्याला रस नाही, तो अंतराळातल्या लोकांचा आहे.

आता मुद्दा. त्या दिवसापासून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच चाललंय, "यात मराठे असणार". एकाने एआय वापरून पोस्टरच करून टाकलं, मागे गड, पुढे भगवा, खाली मोठ्या अक्षरात मिडीव्हल थ्री, आणि ते चार ग्रुप फिरून परत माझ्याकडेच आलं ते "ऑफिशियल आहे बघ" म्हणून. एका यूट्यूबवाल्याने तर "मराठे कन्फर्म" असं लिहून व्हिडिओ टाकला, बारा मिनिटं बघितला मी, कन्फर्म कुठंच नव्हतं, शेवटी म्हणे चॅनल सबस्क्राईब करा.

पण मला या पोरांचा राग येत नाही, कारण चूक त्यांची अर्धीच आहे. आपल्याकडे सातवीच्या इतिहासात मध्ययुगीन भारत म्हणूनच शिवाजी महाराज शिकवतात, मराठ्यांची सगळी वाटचाल त्यातच येते. म्हणजे आपल्या पोराच्या डोक्यात मध्ययुग म्हटलं की महाराजच उभे राहणार ना. आणि युरोपवाल्यांचं मध्ययुग संपतं पंधराव्या शतकाच्या आसपास. मिडीव्हल टू सुरू होते 1080 ला आणि संपते 1530 ला, महाराजांचा जन्म 1630 चा, बरोब्बर शंभर वर्षांचं अंतर आहे. शब्द एकच पण दोन देशांत त्याचे काटे वेगवेगळे लागलेत, त्याचा हा सगळा घोळ. शिवाय मिडीव्हल टूच्या नकाशात भारत नव्हताच.

हां, आता मीच अंदाज करायचा म्हटलं तर, नकाशा पूर्वेला ताणला तर देवगिरीचे यादव येऊ शकतात बरं का. 1296 ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तिथून बहमनीपर्यंत केवढा मसाला आहे, आणि देवगिरीच्या किल्ल्यासारखा किल्ला गेममध्ये घ्यायचा म्हटलं तर घाम फुटेल, खंदक, तो कातळ, तो अंधारा रस्ता. पण हे माझं स्वप्न झालं, बातमी नाही, आणि मी त्याचं पोस्टर करत बसणार नाही.

मराठ्यांचा गेम आधीच येऊन गेलाय हे या नव्या पोरांना माहीतच नाही, खरं दुखणं ते आहे. मार्च 2009, एम्पायर टोटल वॉर. मी तेव्हा बारावीत, परीक्षा तोंडावर आणि गेम भावाच्या कॉम्प्युटरवर. त्यात युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे, आणि हिंदुस्थानातून मोठ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मुख्य खेळात, खेळायला मिळायचे फक्त मराठे. मुघल होते पण ते खेळता यायचे नाहीत, नुसते हरवता यायचे! आणि मी साताऱ्याचा, तर नकाशावर झूम केलं आणि मराठ्यांच्या राजधानीवर सातारा लिहिलेलं दिसलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं होतं दाखवायला. ती म्हणाली बरं, अभ्यास कर. प्रांताचं नाव मात्र बिजापूर लिहिलंय, ते आजही खटकतं.

आता त्या गेमची सुरुवात होते 1700 ला. तुम्ही पेपरवाले आहात, तुम्हाला सांगायला नको, पण 1700 साल म्हणजे साताऱ्याचं काय चाललं होतं? औरंगजेब 1699 च्या डिसेंबरात येऊन अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसलेला, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारचा किल्ला पडला, शाहू महाराज मुघलांच्या कैदेत ते थेट 1707 पर्यंत, आणि सगळा भार ताराराणींवर. अशा अवस्थेतून हे राज्य उभं राहिलं. आणि गेममध्ये आपण साताऱ्यात निवांत बसलेलो असतो, बराक बांधायचं का बाजार बांधायचा याचा विचार करत. औरंगजेब दारात आहे याचा पत्ताच नाही. ह्या एका गोष्टीसाठी मला एम्पायर टू, म्हणजे याच गेमचा दुसरा भाग, पाहिजे, बाकी ग्राफिक्स वगैरे मरू दे.

तेव्हा गेममध्ये घोळही भरपूर होते. समुद्रावरच्या लढाया टोटल वॉरमध्ये पहिल्यांदा खेळायला मिळाल्या पण सुरुवातीला कॉम्प्युटरला जहाजातून सैन्य उतरवून हल्ला करताच यायचा नाही, ते नंतर दुरुस्त केलं. आणि माझ्या जवळजवळ प्रत्येक खेळीत एक गंमत व्हायची, आपण इंग्लंड घेऊन खेळत असलो आणि पन्नास वर्षांनी हिंदुस्थानात डोकावलं की मराठ्यांनी सगळं खाऊन टाकलेलं असायचं, मुघल गायब आणि मराठे अटकेपार. कॉम्प्युटरला 1758 कोणी सांगितलं काय माहीत. सैन्याच्या तुकड्यांच्या यादीत बारगीर हा शब्द वाचला तेव्हा मी आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. शाळेत मला हा फरक कधी कळला नव्हता, गेममुळे कळला.

तर आता मिडीव्हल थ्री जाहीर झाली म्हणजे पुढचा नंबर एम्पायर टूचा असा हिशोब लोक करायला लागलेत. कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती वाचतात, त्यात "गनपावडर" शब्द शोधतात, कार्यक्रमात मागच्या भिंतीवर कुठलं चित्र होतं ते बघतात. हसू नका, कधी कधी यातून खरंच सापडतं. सिव्हिलायझेशन सेव्हन या दुसऱ्या एका गेमचं नाव जून 2024 मध्ये कार्यक्रमाच्या आधीच त्यांच्याच प्रकाशकाच्या वेबसाइटवर दिसून गेलं होतं, सगळं सिक्रेट ठेवून शेवटी घरच्यांनीच फोडलं. त्यामुळे शोधणारे शोधत राहणार. पण घोषणा झाली तरी हातात काय येतं हेही बघा. एज ऑफ एम्पायर्स फोर ही अशीच एक गेम जाहीर झाली ऑगस्ट 2017 ला आणि खेळायला मिळाली ऑक्टोबर 2021 ला, त्या चार वर्षांत माझं लग्न झालं आणि लॅपटॉप दोनदा बदलला. आणि मिडीव्हल थ्री तर त्यांनीच सांगितलंय की अजून अगदी सुरुवातीच्या तयारीत आहे. म्हणजे एम्पायर टू आली तर ती मिडीव्हलच्याही पुढे कधीतरी, आणि ग्रुपवर लोक लॅपटॉप घेऊ का थांबू विचारतायत.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की कधी येणार याचा अंदाज सोडा, कशी असावी यावर डोकं चालवा. "मराठे पाहिजेत" एवढं ओरडून काही होत नाही, मराठे मागच्या वेळी होतेच. यावेळी गड पाहिजेत, खरे गड, जिथे तोफा वर चढवता चढवता वेढा घालणाऱ्याचं कंबरडं मोडेल. आत्ताच तर जुलै 2025 मध्ये युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी, म्हणजे कंपनीला संदर्भ शोधायला लांब जायला नको. आंग्र्यांचं आरमार पाहिजे, गुराबा आणि गलबतं, किनाऱ्याला चिकटून लढणारी, नाहीतर परत सगळी जहाजं इंग्रजांसारखीच रांगेत उभी करतील. चौथाई पाहिजे, कारण प्रत्येक शहर जिंकून तिथे राज्यच करायचं ही काही मराठ्यांची रीत नव्हती, पैसा घेऊन पुढे जायचं हीच जास्त. आणि पेशवा, शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड एकाच झेंड्याखाली असून एकमेकांचं ऐकत नाहीत हे जर गेममध्ये नीट आणलं तर खेळणाऱ्याला झोप लागणार नाही. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तर कोणीतरी अंगठा दाखवला आणि खाली परत तेच पोस्टर.

तुमच्या पुरवणीत कधी या विषयावर बातमी देणार असाल तर "चर्चा आहे" आणि "जाहीर झालं" हे दोन शब्द वेगवेगळे ठेवा एवढी विनंती. आणि ज्यांना मराठेच खेळायचेत त्यांनी थांबायची गरज नाही, ती जुनी एम्पायर 2024 पासून मोबाईलवर पण मिळते, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर, फोन तेवढा बरा पाहिजे. मी रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास खेळतो. सध्या 1738 चालू आहे, दख्खन सगळी आपली, गोवा मात्र अजून पोर्तुगीजांकडेच आहे आणि माझ्या तिजोरीत खडखडाट.

आपला,
एक वाचक, सातारा