मंत्री महोदय, वैद्य ज्यांच्या दारात गेले ते नारळीकर कायम नोकरीत होते

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान दिनाला आपण आमच्या महाविद्यालयात आला होतात. गणिताची रिक्त जागा जूनच्या आत भरू, असं आपण माइकवरून सांगितलंत आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. परवा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला: ‘तृतीय वर्षाला विद्यार्थी कमी असल्याने गणिताचा वर्कलोड नाही. यंदा तासिका देता येणार नाहीत.’ खाली सही नाही, वर नाव नाही.

मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवते आहे. सेट झाली, पीएच.डी. झाली. आठवड्याला नऊ तास, तासाला ९०० रुपये. ज्या महिन्यात सुट्टी त्या महिन्यात शून्य. आमची सही मस्टरवर नसते, एक वेगळी वही असते, तिचं पुठ्ठं सुटलेलं आहे. मुलगी झाली तेव्हा मला रजा मिळाली नाही, एकविसाव्या दिवशी मी खडू हातात धरून उभी होते. कायम जागेसाठी एका संस्थेत गेले, तर मुलाखतीच्या आधीच पन्नास लाखांचा आकडा सांगितला गेला. माझ्या वडिलांची साडेतीन एकर जमीन विकली तरी तेवढे होत नाहीत.

आपण भाषणात म्हणालात की मोठे शास्त्रज्ञ हालअपेष्टांतूनच घडतात. हे वाक्य मला त्या दिवसापासून झोपू देत नाही, कारण माझा प्रबंध ज्यांच्या गणितावर आहे त्यांचे हाल मला ठाऊक आहेत.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य. जन्म १९१८, जुनागढजवळचं शहापूर. शिक्षण मुंबईत, एम.एस्सी. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून. १९४२ मध्ये हा माणूस बायको आणि तान्ही मुलगी घेऊन बनारसला गेला. नोकरी नव्हती. गाठीला होते तेवढ्या पैशांत दहा महिने काढले. त्या मुक्कामातल्या कामाचा निबंध १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला.

काय केलं त्यांनी? जर्मन शास्त्रज्ञ श्वार्त्सशिल्डने १९१६ मध्ये ताऱ्याबाहेरच्या गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढलं, पण त्यात ताऱ्याबाहेरची जागा पूर्ण रिकामी धरली होती. खरा तारा तळपतो, त्याच्या भोवतीची जागा प्रकाशाने भरलेली असते आणि प्रकाश बाहेर पडेल तसं त्याचं वस्तुमान घटत जातं. वैद्यांनी ते घटणारं वस्तुमान आइन्स्टाइनच्या समीकरणांत बसवलं. मी वर्गात हे फळ्यावर मांडते तेव्हा एकाच अक्षराकडे बोट दाखवते: ‘एम’, म्हणजे वस्तुमान. श्वार्त्सशिल्डकडे ते स्थिर आहे, वैद्यांकडे ते बदलतं. मागच्या बाकावरच्या पोरालाही हे कळतं. जग मात्र वीस वर्षं त्याच्याकडे वळलं नाही. साठच्या दशकात क्वेसार, म्हणजे अतिदूरचे प्रचंड तेजस्वी खगोल, सापडले तेव्हा त्याचं मोल कळलं. पुढे हॉकिंगनी कृष्णविवरंही प्रारण सोडत विरतात असं दाखवलं, आणि त्या विरत्या कृष्णविवराचं चित्र काढायला वैद्यांचं हेच उत्तर, ‘वैद्य मेट्रिक’, हाताशी होतं. प्रकाशाची दिशा उलटी केली, बाहेरऐवजी आत, की कृष्णविवर गिळून वाढताना दिसतं. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळणाऱ्या वस्तूचा शेवट कृष्णविवरात लपतो की उघडा पडतो, या वादातही लोक पहिल्यांदा वैद्यांकडेच जातात. माझा प्रबंध तिथलाच आहे.

आता हालअपेष्टांबद्दल. वैद्य बनारसला कुणाकडे गेले, मंत्री महोदय? विष्णु वासुदेव नारळीकरांकडे, म्हणजे जयंत नारळीकरांच्या वडिलांकडे. कोल्हापूरचा माणूस, केंब्रिजहून आलेला. मदनमोहन मालवीयांनी त्यांना चोविसाव्या वर्षी बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचं प्रमुखपद दिलं. १९३२ पासून अठ्ठावीस वर्षं ते बनारसला होते. त्यांना दर जूनला ‘वर्कलोड नाही’ असा निरोप येत नव्हता. त्यांच्या दारात एक बेकार तरुण आला, तर त्याला बसवून घ्यायला त्यांच्याकडे खुर्ची होती, वेळ होता, ग्रंथालय होतं. वैद्यांचे हाल दहा महिन्यांचे होते. माझे अकरा वर्षांचे आहेत, आणि माझ्या दारात उद्या कुणी वैद्य आला तर त्याला बसवायला मला स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा नाही.

वैद्य पुढे सुरत, राजकोट, मुंबई, वल्लभ विद्यानगर अशा ठिकाणी शिकवत राहिले आणि अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीत स्थिरावले. गुजरातीतून गणिताचं ‘सुगणितम्’ नावाचं नियतकालिक काढलं. कुलगुरू झाले तेव्हाही सायकल सोडली नाही. स्थिर पगार मिळालेल्या शिक्षकाने काय काय उभं केलं ते बघा, एवढंच माझं म्हणणं.

आणि आमच्या हिंगोलीचं सांगते. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर. पैसा केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, आणि मी त्या प्रकल्पाच्या विरोधात मुळीच नाही. ती जागा बघायला मी मुलीला घेऊन दोनदा गेले. पण २,६०० कोटींना ९०० ने भागून बघा. दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख तास होतात. मला त्यातले आठवड्याचे नऊ हवे होते.

तृतीय वर्षाला गणित घेतलेली मुलं फक्त चार होती. त्यातली एक औंढ्याच्या पुढच्या गावची. एसटीने येते, शेवटची गाडी चुकली की रिक्षाचे पैसे मैत्रिणीकडून घेते. तिने मला विचारलं होतं, ‘मॅडम, आमच्याकडं जे व्हायलंय, तिथं कामाला लागायचं तर काय शिकावं लागतं?’ मी म्हटलं होतं, गणित सोडू नकोस. आता तिला काय सांगू ते आपण कळवा. तिथे शास्त्रज्ञ बाहेरून येतील आणि आमच्या पोरांना गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळेल, असं मी तिला सांगणार नाही.

चार मुलं म्हणजे वर्कलोड नाही, हा हिशोब कुणी ठरवला? गावोगाव विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानग्या वाटताना मुलं मोजली होती का? इमारतीच्या उद्घाटनाला पैसे असतात, कोनशिलेवर नावं कोरायला असतात. शिकवणाऱ्या माणसाची वेळ आली की भरतीबंदी, रोस्टर, ना हरकत, वित्त विभागाची टिप्पणी. अर्धं आयुष्य ही फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारण्यात गेलं. नेट-सेट झालेली आमची पोरं डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात, हे मी ऐकीव सांगत नाही, माझाच एक विद्यार्थी माझ्या घरी पार्सल घेऊन आला होता. त्याने मान वर केली नाही. मीही ‘आत ये’ म्हणू शकले नाही.

माझी मागणी आपल्या भाषणातलीच आहे: गणिताची एक कायम जागा, रीतसर जाहिरात, पैसे न मागणारी मुलाखत. निवड माझी झाली नाही तरी चालेल. त्या चार मुलांना तिसरं वर्ष पूर्ण करू द्या.

आणि आणखी एक. ज्या दिवशी आपण ते आश्वासन दिलंत, त्या फेब्रुवारीचं माझं मानधन अजून जमा झालेलं नाही.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक गणित शिक्षिका
जि. हिंगोली