वागवून घेणे

प्रिय मनू,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. खोलीतल्या मैत्रिणीने उसने घेतलेले 1,800 रुपये तीन महिने झाले तरी परत केले नाहीत, तिचा दिवा रात्री एकपर्यंत जळतो, आणि गेले दहा दिवस तू तिच्याशी बोलत नाहीस. वर 'मी किती सहन करते पाहा' असेही लिहिले आहेस. बेटा, अबोल्याला सहनशीलता म्हणू नये. तो उधारीची वही मनात उघडी ठेवण्याचा प्रकार आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय काढ. सात वेळा क्षमा करायला तयार झालेल्या पेत्र या शिष्याला आपण फार उदार झालो असे वाटले असावे. त्यावर प्रभूने ऋणी दासाचा दाखला सांगितला. त्याचे राजाला देणे 10,000 तालांत होते. एका तालांताचे सुमारे 6,000 दिनार आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज धरला, तर ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. ते माफ झाल्यावर बाहेर पडून त्याने 100 दिनारांसाठी सोबतच्या दासाची नरडी धरली. त्या सोबत्याने केलेली विनवणी त्याच्या स्वतःच्याच शब्दांत होती, तरी त्याला ती ओळखू आली नाही.

मलाही आली नव्हती. टाळेबंदीनंतरच्या वर्षी मी सकाळी घाऊक व्यापाऱ्याकडे महिनाभराची मुदत मागून आलो आणि संध्याकाळी 340 रुपयांसाठी एका गवंड्याला चारचौघांत बोललो. त्याने हातातला चहाचा पुडा गल्ल्याशेजारी अलगद ठेवला आणि काही न बोलता तो निघून गेला. पुढे त्याने पैसे आणून दिले, पण दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही.

प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांना प्रीतीने वागवून घेण्यास सांगितले आहे. आपल्या मराठीतला हा शब्द मला 'सहन करणे' याहून बरा वाटतो, कारण वागवून घ्यायचे तर त्या माणसाबरोबर वागावे लागते, तोंड फिरवून चालत नाही. म्हणून मत्तयाच्या त्याच अध्यायातले 15 वे वचनही वाच: भावाने केलेला अपराध त्याच्याजवळ एकांतात बोलावा. तेव्हा तिला एकटीला चहाला ने, पैशांची आणि दिव्याची गोष्ट सरळ सांग, आणि हप्त्याने देते म्हणाली तर घे.

आईने दोघींसाठी लाडू पाठवले आहेत. डबा तिच्यासमोर उघड.

तुझे पप्पा