डबा आणण्याआधी

कराड
रविवार, दुपार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पावणेदोनला तुझा फोन आला. मागून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि तू दबक्या आवाजात विचारलंस, "आई, मृणालला दूध पुरत नाहीये बहुतेक. सकाळी दुकान उघडलं की पावडरचा डबा आणू का?" मी म्हटलं, थांब, उद्या सांगते. नंतर माझा डोळा लागला नाही. तुझ्या बाबांच्या डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब घालायचे असतात, त्यात फोनवर सलग बोलणं होत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. मृणाल पाजायला बसली की तिलाही वाचून दाखव.

आधी तुझं सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

तू १९९१ सालचा, सिझेरियनचा. ज्या दवाखान्यात झालास तिथे बाळ पहिले दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवायची पद्धत होती. तुला तिथेच बाटली लागली. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ आणलं तेव्हा तू अंगावर तोंडच लावेनास. तुझी आजी म्हणाली, चीक जड असतो, पिळून टाक. मी टाकला. खरवसासाठी गाईचा चीक आपण किती जपून आणतो, आणि माझ्या लेकराचा चीक मी मोरीत टाकला. पुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते याच्यासाठी. त्या पिवळट घट्ट दुधाचे चार-पाच चमचेच येतात, पण त्यातच बाळाच्या अंगाला रोगाशी लढायचं बळ असतं. घरी निघताना त्यांनी पिशवीत एक डबा घालून दिला, फुकट. "लागला तर असू द्या." डब्यांचे असे नमुने वाटायला आणि जाहिराती करायला बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ साली झाला. तोवर तू वर्षाचा झाला होतास.

तरीही दूध आलं होतं, भरपूर आलं होतं. वर दोनदा बाटली चालू होती, पण तू अंगावरही प्यायचास. मग माझी तीन महिन्यांची रजा संपली. शाळा साडेदहा ते पाच, आणि जायला-यायला एसटीचा सव्वा तास. दुसऱ्या तासाला पदर ओला व्हायचा. छाती दगडासारखी घट्ट, हात वर करून फळ्यावर लिहिता यायचं नाही. मधल्या सुट्टीत नकाशांच्या कपाटामागे उभी राहून मी दूध काढायचे आणि मागच्या दाराने जाऊन जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायचे. मुंग्या लागायच्या तिथे. ते दूध स्वच्छ वाटीत झाकून ठेवता येतं, घरी नेऊन चमच्याने पाजता येतं, हे मला कुणी म्हटलं नाही. पुढे पुढे काढायलाही वेळ मिळेना. मग छाती भरायची कमी झाली आणि मला उलट हायसं वाटलं. तू पाच महिन्यांचा होईस्तोवर दूध गेलं. घरीदारी सगळे म्हणाले, हिला दूधच नव्हतं. मीही तीस वर्षं तेच म्हणत आले. मनात कायम होतं की माझ्या अंगातच काहीतरी कमी आहे.

मृणालच्या आठव्या महिन्यात मी तिच्याबरोबर दवाखान्यातल्या माहितीवर्गाला गेले होते, तुला आठवत असेल. घरी आल्यावर मी जेवले नव्हते. तुम्हाला वाटलं पित्त झालं. त्या सिस्टरने जे समजावलं ते ऐकून मला माझे ते पाच महिने दिसायला लागले होते.

तिने सांगितलेलं असं: बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूपर्यंत निरोप जातो आणि दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. आपण पान्हा फुटला म्हणतो तो ऑक्सिटोसिनचा. आणि दूध साठून राहिलं तर छाती स्वतःच काम मंदावते, घेणारं कुणी नाही असं समजून. म्हणजे जेवढं निघेल तेवढं बनेल. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. आता तू विचार कर. तू डबा आणलास, रात्री दोनची वेळ बाटलीवर गेली, बाळ पोटभर होऊन चार तास झोपलं, मृणालही झोपली. चांगलं केलं असं वाटेल. पण तिच्या अंगाला निरोप गेला की दोनची वेळ नको आहे. दोन दिवसांनी खरंच दूध कमी होईल, मग दुसरी बाटली लागेल. माझं दूध असंच गेलं. अंगात काही कमी नव्हतं रे.

म्हणून डब्याला हात लावण्याआधी पुरतंय की नाही ते बघ, आणि ते रडण्यावरून बघू नकोस. आजपासून दोन दिवस डायपर बंद, लंगोट बांध. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले, शूचा रंग फिका, आणि तीन-चार वेळा पिवळी शी होत असेल तर दूध आत जातंय. दुसरं वजन. बाळ जन्मलं तेव्हा २८०० ग्रॅम होतं, घरी आणताना २६२०. तेव्हा तुम्ही दोघं घाबरलात, पण पहिल्या आठवड्यात एवढं उतरतंच. चौदाव्या दिवशी २८२० भरलं म्हणजे वेळेत भरून आलं. त्यानंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. उद्या डॉक्टरांच्याच काट्यावर बघा, तीन किलोच्या आसपास असेल तर सगळं ठीक आहे.

बाळाला आज बाविसावा दिवस आहे. तीन आठवड्यांच्या सुमारास बाळं अचानक भूक वाढवतात, पुढे दीड महिन्याला आणि तीन महिन्यांनाही. दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत सोडायलाच तयार नसतात. आत्ता पाजलं, आत्ता परत. बघणाऱ्याला वाटतं दूध संपलं. खरं तर ते उद्याचं दूध मागत असतं. दोन-तीन दिवस मागेल तेव्हा द्यायचं, मग बसतं सगळं. एरवीही दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होतंच. तोंड फिरवून शोधायला लागलं, मुठी चोखायला लागलं की उचलायचं. रडू फुटतं ते अगदी शेवटी, आणि रडणाऱ्या बाळाला नीट पकडता येत नाही.

पकडण्यावरून. मी तिकडे होते तेव्हा एक गोष्ट पाहिली आणि मृणालला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, ते चुकलं माझं. ती बाळाकडे वाकते. पाठ दुखते म्हणते ती त्यानेच. बाळ सुटलं की स्तनाग्र चपटं होऊन बाहेर येतं आणि त्यावर पांढरी रेघ दिसते. म्हणजे बाळ नुसतं टोक चोखतंय. त्याने दुखतंही आणि दूधही पुरेसं निघत नाही. तिला टेकून बसव, पाठीला उशी दे. उजव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ डाव्या हातावर, मानेखाली तिचा पंजा, बाळाचं पोट तिच्या पोटाला चिकटलेलं. नाक स्तनाग्राच्या समोर आलं की बाळ मोठा आ करतं, जांभई देतं तसा. त्या क्षणी बाळाला तिच्याकडे आणायचं. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळ्या भागातला खालचा बराचसा तोंडात. मग गाल आत जात नाहीत, घोट गिळल्याचा आवाज येतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर याचे मराठीत व्हिडिओ आहेत. तू आधी एकटा बघ, मग तिच्याजवळ बसून मदत कर. तेवढ्यावर दुखायचं थांबलं नाही तर स्तनपान शिकवणाऱ्या सल्लागाराला गाठा. बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का तेही डॉक्टरांना पाहायला सांग.

तुझं काम काय, असं तू विचारलंस. पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या. तिला तहान लागतेच त्या वेळी. पाजून झालं की बाळ तुझ्या खांद्यावर, ढेकर काढून लंगोट तू बदलायचास. रात्री उठवून तिच्या कुशीत द्यायचं काम तुझं. सकाळी दहा ते बारा तिला झोपू दे, कुणी भेटायला येणार असेल तर तू फोनवर नको सांग. आणि एक, "पुरतंय का गं?" हे विचारणं आजपासून बंद. तुझी मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, तूही विचारतोस. भीतीने आणि दुखण्याने पान्हा अडतो हे शरीरशास्त्र आहे. दिवसातून दहा वेळा हा प्रश्न ऐकणाऱ्या बाईला मोकळा पान्हा कसा फुटेल?

अळीवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, बाळंतशेपा हे सगळं मी करून पाठवतेच आहे. पण एवढं समजून घे की त्यामुळे दूध वाढतं असं खात्रीने म्हणता येत नाही, त्याने बाळंतिणीला ताकद येते. पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणून ती उपाशी राहता कामा नये, रात्री अकरालाही काही खावंसं वाटलं तर तिच्या हातात असायला हवं. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, जे आवडेल ते. भात खाल्ला तर बाळाला सर्दी होते, असलं काही मनावर घेऊ नका.

गुटीचंही सांगते, कारण मृणालच्या आईंनी सहाण आणून ठेवली आहे. त्यांचा मान राखून नाही म्हण. माझं नाव सांग. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवा. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते.

आता डब्याविषयी. लंगोट सहाच्या खाली आले, शू गडद झाली, बाळ मलूल होऊन पाजायलाही उठेनासं झालं, किंवा उद्या वजन वाढलेलं नसलं तर माझं पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मृणालला ताप आला, छातीत लाल दुखरी गाठ आली तरी तसंच, आणि तेव्हाही पाजणं थांबवायचं नाही. काही बायकांना खरोखरच दूध कमी येतं, कुणाला थायरॉइडमुळे, कुणाला बाळंतपणात फार रक्त गेल्यामुळे. डॉक्टर वरचं द्या म्हणाले तर पहिल्यांदा तिचंच काढलेलं दूध, वाटी-चमच्याने किंवा आपल्या चांदीच्या बोंडल्याने. बोंडलं आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायचं. तेही पुरलं नाही तर डबा आणा आणि मृणालच्या डोळ्याला पाणी येऊ देऊ नकोस. तू डब्यावरच मोठा झालास, आणि तुझी आई मीच आहे. ज्यांना आईचं दूध मिळू शकत नाही अशा अशक्त, कमी दिवसांच्या बाळांसाठी मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथे जमा होतं. त्या साली मी कराडलाच होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मृणालची रजा २६ आठवड्यांची आहे, माझ्यासारखी तीन महिन्यांची नाही. कामावर गेल्यावरही बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तिला दिवसात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात, त्या तिने मागून घ्याव्यात. जायच्या पंधरा दिवस आधी दूध काढायची सवय करू. बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये दिवसभर. उकळायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. पण ते पुढचं. आणि तुम्ही इकडे याल तेव्हा स्टँडवर बाळाला पाजायचा हिरकणी कक्ष आहे का ते आधी विचारून ठेव. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रायगडचा कडा उतरून लेकराकडे गेलेल्या गवळणीचं नाव त्या खोलीला दिलं आहे. मी बाकावर पाठ फिरवून बसायचे.

बाबांची तपासणी बुधवारी आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं की गुरुवारी सकाळच्या गाडीने मी निघते. अळीव भिजत घातले आहेत, नारळ तेवढा खवायचा आहे. बोंडलं घेऊन येते, ते माझ्या कपाटात तुझ्या टकुच्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. आज रात्री बाराला लंगोट मोज आणि मला आकडा कळव. मी जागी आहे.

तुझी,
आई