गेमिंग राउटरच्या खोक्यावर जे छापलेले नसते

संपादक महोदय,

पणजी, मडगाव, म्हापसा येथील संगणकाच्या दुकानांत हल्ली ‘गेमिंग राउटर’ या नावाने सहा-आठ अँटेनांचे, लाल दिव्यांचे राउटर मांडलेले दिसतात आणि मुलांच्या आग्रहाखातर पालक त्यांवर बरीच मोठी रक्कम खर्च करतात. घरात एक जण ऑनलाइन खेळतो, दुसरा मोठ्या फायली पाठवतो किंवा उतरवून घेतो आणि दोघांपैकी एकाला थांबावे लागते, ही तक्रार फायबरची जोडणी असलेल्या अनेक घरांतून ऐकू येते. राउटर बदलणे हा त्यावरचा उपाय पुष्कळदा बरोबरही असतो. मात्र खोक्यावरचा जो आकडा पाहून तो निवडला जातो, त्या आकड्याचा या तक्रारीशी जवळजवळ संबंध नसतो, आणि हे ग्राहकाला दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

‘एएक्स ३०००’ असे छापलेले असते तेव्हा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे २४०२ मेगाबिट, हे दोन सैद्धांतिक वेग एकत्र मिळवून ती बेरीज वरच्या बाजूला पूर्ण केलेली असते. एक फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर बोलतो आणि बाहेरून येणारी जोडणी बहुधा १०० किंवा २०० मेगाबिटची असते, त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय स्पर्धेचे बहुतेक ऑनलाइन खेळ चालू असताना सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा वापरत नाहीत. वेग लागतो तो खेळ उतरवून घेताना: १०० जीबीचा खेळ १०० मेगाबिटच्या जोडणीवर उतरायला सव्वादोन तास जातात. खेळताना मात्र महत्त्वाचे असते ते पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे मुले ज्याला ‘पिंग’ म्हणतात तो, आणि त्याहूनही अधिक त्या वेळेतले सातत्य.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. गोव्याहून मुंबईपर्यंतचे सहाशे किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सहा मिलीसेकंद पुरतात. सिंगापूरचा सर्व्हर असेल, तर किमान पस्तीस. हे भूगोलाने ठरवलेले आहे आणि कोणताही राउटर ते कमी करू शकत नाही. राउटरच्या हातात असते ते घरातल्या रांगेचे नियमन. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकाचे चित्रीकरण मी परगावच्या नातेवाइकांना पाठवू लागलो, की त्याच क्षणी भाच्याचा पिंग वीस-पंचवीसवरून काहीशेवर जातो, कारण माझी फाईल बाहेर जाण्याची वाट पूर्ण व्यापते आणि त्याची इवलीशी पॅकेटे माझ्या पॅकेटांमागे उभी राहतात. चोडणच्या फेरीधक्क्यावर सगळी वाहने एकाच रांगेत उभी केली आणि पुढे वाळूचे दहा ट्रक असले, तर मागच्या स्कूटरचे जे होईल तेच हे. फेरीचा वेग वाढवून तो प्रश्न सुटत नाही. स्कूटरला वेगळी रांग द्यावी लागते.

तंत्रज्ञ या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात, आणि त्यावरचा उपाय नवा किंवा गुप्त नाही. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी आणि कोणतीही रांग फुगू न देणारी ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत २०१८ साली आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. ‘केक’ ही तिची पुढची आवृत्ती. राउटरच्या सेटिंगमध्ये हे बहुधा ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाखाली असते. तिथे जोडणीच्या मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी, साधारण ८५ ते ९५ टक्के, वेग भरावा लागतो, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिचे नियंत्रण आपल्याकडे राहते. त्याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागते, कारण प्रत्येक पॅकेट तपासावे लागते: १०० मेगाबिटला साधा राउटर पुरतो, गिगाबिट जोडणीला बऱ्यापैकी ताकदीचा लागतो. केवळ ‘क्यूओएस’ (वाहतुकीला प्राधान्य देण्याची सोय) असे लिहिलेले असेल, तर ते यांपैकी कोणते, हे विचारून घ्यावे. जुन्या धाटणीच्या क्यूओएसमध्ये यादीतून खेळाचे नाव निवडून त्याला प्राधान्य देण्याची सोय असते, आणि नवा खेळ त्या यादीत नसला की ती निरुपयोगी ठरते. माझ्या मते राउटर निवडताना ‘यात एसक्यूएम आहे का’ हाच पहिला प्रश्न असावा, आणि ज्यांना थोडे शिकण्याची तयारी आहे त्यांनी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली चालणारा राउटर पाहावा, कारण तिच्यात ही सोय बसवता येते.

पैसे खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते घरीच तपासता येते. संगणकावरून आधी राउटरलाच, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या त्याच्या पत्त्याला, पिंग करावे. तोच आकडा वर-खाली होत असेल, तर दोष वायफायचा आहे. राउटरचा आकडा स्थिर आहे आणि फाईल पाठवतानाच बाहेरचा पिंग चढतो, तर दोष रांगेचा आहे. घरात काहीच चालू नसतानाही संध्याकाळी बाहेरचा पिंग चढत असेल, तर तो सेवा देणाऱ्या कंपनीचा प्रश्न आहे, आणि तिथे पंधरा हजारांचा राउटरही काही करणार नाही.

पहिल्या प्रकारचा, म्हणजे वायफायचा, दोष आपल्याकडे विशेष आढळतो. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम एक खोली ओलांडते; राजांगणापलीकडच्या खोलीत बसलेल्या मुलाला २.४ गिगाहर्ट्झवर यावे लागते, आणि पर्वरी-ताळगावच्या सदनिकांत त्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची इतकी गर्दी असते, की १, ६ आणि ११ या एकमेकांवर न येणाऱ्या तीनच वाहिन्यांत सगळी इमारत कोंबलेली असते. चवथीला पाहुण्यांचे फोन त्यात भर घालतात. यावर अँटेनांची संख्या हे उत्तर नव्हे. खेळाचा संगणक किंवा कन्सोल कॅट ५ई अथवा कॅट ६ केबलने जोडावा, आणि म्हणूनच राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, हे पाहावे. स्वस्त राउटरांत वायफाय बाराशेचे आणि पोर्ट शंभर मेगाबिटचे अशी जोडी आजही विकली जाते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण घेऊ नये. दोन घरांमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल तर मुळीच ओढू नये: मृगाच्या आधीच्या गडगडाटात तिच्यावाटे येणारा विजेचा झटका दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो, फायबर वीज वाहत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटर आणि कंपनीचा फायबरचा डबा दोघांनाही द्यावा, एकाला देऊन उपयोग नाही.

फाईल वाटपासाठी राउटरला यूएसबी डिस्क जोडणाऱ्यांनी पोर्ट ३.० चा आहे ना आणि राउटर ‘एसएमबी’ या फाईल वाटपाच्या पद्धतीची ‘एसएमबी १’ सोडून पुढची आवृत्ती चालवतो ना, एवढे पाहावे. २०१७ सालचा ‘वॉनाक्राय’ हल्ला त्याच जुन्या आवृत्तीतील छिद्रातून पसरला होता. उत्पादक सुरक्षा अद्यतने किती वर्षे देणार, हेही विचारावे.

राहिला प्रश्न ‘स्ट्रिक्ट नॅट’चा. नॅट म्हणजे अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणे; ते कडक असले, की मित्राच्या खेळात पुष्कळदा प्रवेशच मिळत नाही आणि टॉरेंटवरून लिनक्ससारखी मुक्त वितरणाची फाईल इतरांना नीट देता येत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट (इथे केबलचे नव्हे, तर सेटिंगमधले क्रमांकाचे दरवाजे) कितीही उघडले तरी बाहेरची विनंती आत पोचत नाही. एकतर स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू करून घ्यावे लागते. माझ्या भागातील सेवा देणाऱ्या कंपनीने ही गोष्ट जोडणी देताना सांगितली नाही आणि नंतर विचारल्यावर ‘नवा राउटर घ्या’ असे उत्तर दिले. तिचा डबा ब्रिज पद्धतीवर टाकून द्यावा, म्हणजे एकामागे एक दोन राउटर नॅट करणार नाहीत, ही विनंतीही कित्येक आठवडे तशीच पडून राहिली.

म्हणून राज्यातील इंटरनेट कंपन्यांना आणि स्थानिक केबल चालकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे, की जोडणीच्या अर्जावरच तीन गोष्टी लेखी द्याव्यात: ग्राहकाला सार्वजनिक पत्ता मिळणार की सामाईक, आयपीव्ही६ आहे की नाही, आणि स्वतःचा राउटर लावणाऱ्याला ब्रिज पद्धत आणि जोडणी सुरू करायला राउटरमध्ये भरावे लागणारे तपशील, म्हणजे पीपीपीओईचे वापरकर्तानाव व व्हीलॅन क्रमांक, किती दिवसांत मिळतील. दुकानदारांनीही एक राउटर चालू ठेवून, फाईल पाठवली जात असताना त्याचा पिंग किती राहतो ते ग्राहकाला पडद्यावर दाखवावे. त्याला पाच मिनिटे पुरतात.

आपला,
एक वाचक, फोंडा